वर्गातलं मूल आणि स्वमग्नता : तुमचे प्रश्न

शाळा सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो, ॲडमिशनचे प्रश्न संपतात आणि "वर्गात बसत नाही", "बाईंनी बोलावून घेतलं", "कुणीतरी ऑटिझम म्हणालं" अशी पत्रं सुरू होतात. यावेळी ती इतकी आली की अख्खं सदर त्यांनाच दिलंय. एक आधीच सांगते, पत्र वाचून कुठल्याही मुलाचं निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान रक्त तपासून होत नाही, ते होतं मूल नीट बघून, आणि मुलाला सगळ्यात जास्त वेळ बघतं कोण तर तुम्हीच, आईबाबा, आजीआजोबा, शिक्षक. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत मी तुमच्याकडे परत परत तेच मागणार आहे : काय दिसलं ते सांगा, काय वाटलं ते नंतर बघू.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो. वर्गात एक मुलगा आहे, ३० पर्यंत पाढे तोंडपाठ, गावात येणाऱ्या सगळ्या एसटींचे बोर्ड आणि वेळा पाठ, पण "तुझं नाव काय" विचारलं की तोही "तुझं नाव काय" एवढंच म्हणतो. परिपाठाला कानांवर हात ठेवून पळून जातो. मला सरळ अरे-तुरे करतो. घरचे म्हणतात लाडावलाय, सहकारी म्हणतात मतिमंद आहे. हा ऑटिझम असेल का? मी काय करू? (एक शिक्षक, मराठवाडा)

उत्तर : सर, वर्गात एवढी पोरं असताना एका मुलाकडे तुम्ही इतकं बारीक लक्ष दिलंत याबद्दल आधी मनापासून आभार. ऑटिझम आहे की नाही ते तपासल्यावर कळेल, पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी तपासणीला पाठवण्याइतक्या नक्कीच महत्त्वाच्या आहेत.

निदान करणारे मुख्यतः दोन बाजू बघतात. एक म्हणजे माणसांशी होणारी देवाणघेवाण : बोलण्याला प्रतिसाद देणं, नजर, हातवारे, चेहऱ्यावरचे भाव, आणि सोबतच्या मुलांशी खेळणं, मैत्री जमणं. दुसरी म्हणजे तोचतोचपणा आणि संवेदना : त्याच हालचाली किंवा तेच शब्द परत परत, ठरलेला क्रम मोडला की प्रचंड त्रास, एखाद्याच विषयाचं जबरदस्त वेड, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा फार जास्त किंवा फार कमी परिणाम. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेप्रमाणे पहिल्या बाजूच्या तिन्ही गोष्टींत अडचण दिसावी लागते आणि दुसऱ्या बाजूच्या चारांपैकी निदान दोन दिसाव्या लागतात, शिवाय हे सगळं लहानपणापासूनचं हवं आणि त्याने रोजच्या जगण्यात खरोखर अडत असायला हवं. नुसते एसटीचे बोर्ड पाठ असणं म्हणजे ऑटिझम नाही, नुसतं नजर न देणं म्हणजेही नाही.

आता त्याचं "तुझं नाव काय". ही नक्कल म्हणजे चिडवणं नव्हे. बरीच स्वमग्न मुलं भाषा शब्दाशब्दाने न उचलता अख्ख्या तुकड्यांनी उचलतात. आई पाणी देताना "तुला पाणी हवंय का?" म्हणते, मग मुलाला तहान लागली की ते आईकडे बघून तेच म्हणतं, "तुला पाणी हवंय का?" त्याच्या लेखी त्याने पाणी मागितलेलं असतं. आपल्या मराठीत तर क्रियापदातूनही हे दिसतं, मुलगा असून सहासात वर्षांचा झाला तरी "मी आले, मी जाते" म्हणतो कारण आईचं वाक्य जसंच्या तसं उचललेलं असतं. अगदी लहान मुलं सगळीच असं करतात, पण दुसरीतल्या मुलात ते टिकून असेल तर नोंद घ्या. आणि तुम्हाला अरे-तुरे करतो ते उद्धटपणा म्हणून मनाला लावून घेऊ नका. कुणाला तू, कुणाला तुम्ही, कधी कुणासमोर आवाज खाली, हे बाकीच्या मुलांना न शिकवता कळतं, याला ते पाढ्यांसारखं शिकवावं लागेल.

परिपाठाचं म्हणाल तर तिथे काय असतं बघा ना, भोंग्यासारखा स्पीकर, ढोल नाहीतर पेटी, शंभर मुलांचा एकदम आवाज, ऊन, आणि खेटून उभ्या रांगा. आपल्याला ते नेहमीचं वाटतं, त्याच्या कानांना ते दुखत असण्याची दाट शक्यता आहे. त्याला रांगेच्या टोकाला, स्पीकरपासून लांब उभं करा, सुरुवातीला व्हरांड्यातून बघू द्या. बळजबरीने कान उघडायला लावू नका, एवढी कळकळीची विनंती.

आणि एक छोटी वही करा. त्यात "हट्टी आहे", "मुद्दाम करतो" असं काही लिहायचं नाही. असं लिहा : बुधवार, ११.२०. पुढचा तास गणिताचा होता, पण मी अचानक सगळ्यांना मैदानावर नेलं. हा दारातच बसला, किंचाळला, डोकं चौकटीवर आपटलं. गणिताची वही हातात दिल्यावर थोड्या वेळाने शांत झाला. बघा, या चार ओळींत आधी काय घडलं, मुलाने काय केलं, आणि कशाने थांबलं हे तिन्ही आलं. तपासणाऱ्याला यातून जे कळतं ते त्यांच्या खोलीत अर्धा तास मूल बघून कळत नाही, कारण त्या खोलीत ना परिपाठ असतो ना खिचडीची रांग. चांगलं दिसलेलंही लिहा हं, तो कुणाच्या शेजारी शांत बसतो, कशात रमतो, कुठली कामं आपणहून करतो.

निदानाची वाट न बघता वर्गात काही गोष्टी लगेच करता येतील, त्याने कुणाचंच नुकसान होत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा आणि क्रम बदलणार असेल तर आधी त्याला जाऊन सांगा. "सगळ्यांनी वह्या काढा" यातल्या सगळ्यांमध्ये आपण येतो हे त्याला जाणवत नसेल, तर आधी नाव घ्या, मग एकच छोटी सूचना. "तोंडाला कुलूप लाव", "डोक्यावर बसू नकोस" असली वाक्यं तो शब्दशः घेईल, त्याच्याशी सरळ बोला. नजरेला नजर द्यायला लावू नका, बऱ्याच मुलांना एकाच वेळी बघणं आणि ऐकणं जमत नाही, बघायला लावलं की ऐकणं बंद होतं. आणि एसटीच्या वेळा पाठ आहेत ना, मग वजाबाकी तिथूनच शिकवा, साडेनऊची गाडी पावणेदहाला आली तर किती उशीर.

पालकांशी बोलताना ऑटिझम हा शब्द तुम्ही काढू नका, निदान करणं तुमचं काम नाही आणि तो शब्द ऐकला की आईवडील पुढचं काहीच ऐकत नाहीत. वही दाखवा, "मला हे हे दिसलं, घरी पण दिसतं का?" एवढंच विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्याकडे नाव द्या, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते मोफत आहे. तुमच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतील त्यांनाही बोलवा. मतिमंद म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना सांगा की बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काही मुलांत दोन्ही असतात पण बऱ्याच मुलांत नसतात, त्यामुळे ते वेगळं तपासावं लागतं, अंदाजाने चिकटवायचं नसतं.

प्रश्न : माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आधी मामा, बाबा, भू असं म्हणायचा, दीड वर्षानंतर ते बंद झालं. नाव घेतलं तर बघत नाही पण चिप्सचं पाकीट फोडलं की पळत येतो. गाडीची चाकं फिरवत बसतो. सासूबाई म्हणतात याचे बाबा पण चार वर्षांनी बोलले. एका डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत थांबा म्हटलं, दुसऱ्यांनी एमआरआय करा म्हटलं. खूप घाबरलेय. (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, थांबू नका. बाबा उशिरा बोलले असतीलही, पण आलेले शब्द जाणं ही वेगळी गोष्ट आहे, कुठल्याही वयात मुलाचे आलेले शब्द किंवा हावभाव गेले तर ते थांबून बघायचं लक्षण नसतंच. साधारण एक वर्षापर्यंत मुलं बोट दाखवणं, टाटा करणं, हात वर करून घे म्हणणं असं काहीतरी करतात, सोळा महिन्यांपर्यंत एखादा शब्द येतो, दोन वर्षांपर्यंत "दूध दे" असे दोन शब्द जोडतात, यातली एखादी गोष्ट जरी दिसत नसेल तरी तपासायला जायचं असतं. तीन वर्षांपर्यंत थांबा हा सल्ला जुना आहे, अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या आसपास बऱ्यापैकी खात्रीने निदान करू शकतात.

सगळ्यात आधी कान. नाव घेतलं तर बघत नाही पण पाकिटाचा आवाज ऐकतो म्हणजे ऐकू येतंच, असं घरी आपण ठरवतो, पण काही आवाज ऐकू येणं आणि काही न येणं असं असू शकतं. झोपेत करायची बेरा नावाची तपासणी असते, सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात होते, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होते. ती आधी करून घ्या. एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. फिट येत असेल, डोक्याचा घेर वेगळा असेल, डॉक्टरांना तपासताना काही वेगळं सापडलं असेल तर एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) सांगतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना नक्की कशासाठी करतोय हे विचारा. काही मुलांत जनुकीय तपासणीही सांगतात, ती मागचं कारण शोधायला असते, निदान त्यावर ठरत नाही.

निदान होतं ते असं. विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तुमच्याकडून गरोदरपणापासूनची सगळी हकीकत घेतात आणि मुलाशी जमिनीवर बसून खेळतात. फुगा फुगवतात आणि मध्येच थांबतात, मूल फुग्याकडेच बघत राहतं की माणसाच्या तोंडाकडे बघून "अजून" असं काहीतरी सुचवतं. खेळणं बरणीत घालून झाकण घट्ट लावतात, मूल बरणी आपटतं, की तुमचा हात ओढून झाकणावर ठेवतं, की बरणी दाखवून तुमच्याकडे बघतं. तुम्हाला वाटेल खेळच चाललाय, पण सगळं निदान त्या नजरेत असतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एमचॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे ती इंटरनेटवर सापडेल, तुमच्या मुलाचं वय त्यात बसतं, भरून न्या, फक्त लक्षात ठेवा की चाळणीत अडकणं म्हणजे निदान नव्हे आणि चाळणीतून सुटणं म्हणजे क्लीन चिट पण नव्हे. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे फोनवर छोटे व्हिडिओ, नाव घेतल्यावरचा, जेवतानाचा, दुसऱ्या मुलांजवळचा, आणि तो बोलायचा तेव्हाचे जुने व्हिडिओ तर नक्की शोधून न्या.

अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागला तर स्पीच थेरपिस्टकडे जाणं सुरू करा, त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही. चित्रं दाखवून मागायला शिकवलं तर मूल तोंडाने बोलणारच नाही ही भीती काढून टाका, तसं होत नाही, उलट मागणं जमलं की रडारड कमी होते. मोबाईल कमी करा, ते सगळ्याच मुलांसाठी चांगलं, पण "आधी सहा महिने मोबाईल बंद करून बघू, हा व्हर्च्युअल ऑटिझम असेल" या नादात तपासणी लांबवू नका. व्हर्च्युअल ऑटिझम असं कुठलंही मान्यताप्राप्त निदान नाही.

प्रश्न : मुलगी आठवीत, इंग्लिश मीडियम, मार्क चांगले. शाळेत एकदम शांत, कुणाची तक्रार नाही. घरी आली की दप्तर टाकते आणि तासभर रडते किंवा कुणाशी बोलत नाही. एकच मैत्रीण, ती आली नाही तर शाळेत जायचं नाही म्हणते. ठराविक दोन कुर्तेच घालते. आता म्हणते मी व्हिडिओ बघितले, मला ऑटिझम आहे. हे वयाचं फॅड आहे का? (एक आई, ठाणे)

उत्तर : फॅड म्हणून उडवून लावू नका. तिचं म्हणणं बरोबरच असेल असं नाही, पण तिला कशाचा तरी त्रास होतोय आणि त्याला नाव शोधायचा प्रयत्न ती करतेय हे तर खरंच आहे ना.

मुलींच्या बाबतीत आपण सगळेच कमी पडतो, यात डॉक्टरही आले. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये पहिलं बारीक वर्णन केलं ते मुलग्यांचं, १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरमध्ये वर्णन केलेल्या ११ मुलांत ८ मुलगे होते, त्यामुळे लक्षणांचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं ते चाकं फिरवणाऱ्या, ट्रेनचं वेड असणाऱ्या मुलग्याचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ सालची ८ वर्षांच्या मुलांची मोजणी केली त्यात ३१ मुलांमागे १ ऑटिस्टिक निघालं, आणि मुलगे मुलींपेक्षा सुमारे ३.४ पट. पण मुली खरंच तेवढ्या कमी आहेत की त्या दिसतच नाहीत, यावर जाणकारांमध्ये अजून वाद आहे आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर बऱ्याच दिसत नाहीत.

कारण अनेक मुली निरीक्षण करून वागणं उचलतात. मैत्रीण हसली की हसायचं, वर्गात "गुड गर्ल" म्हणून दोन सोप्या वाक्यांत निभवायचं, गॅदरिंगला कुणाशी काय बोलायचं ते आदल्या रात्री मनात पाठ करायचं. शाळेत सहा तास हे केलं की घरी येऊन जे कोसळणं होतं ते तुम्हाला दिसतंय, बाईंना दिसत नाही, म्हणून बाई म्हणतात हिला काहीच प्रॉब्लेम नाही. त्यांचीही चूक नाही. आवड पण वेगळी दिसते, घोडे, एखादा बँड, कादंबरीतली पात्रं, विषय चारचौघींसारखाच असतो पण त्याची खोली आणि त्याशिवाय दुसरं काही न सुचणं वेगळं असतं.

तुम्ही करायचं ते असं. आठवड्याभरात ती कधी कोसळते ते टिपा, कुठल्या वारी, त्या दिवशी शाळेत काय होतं, पीटी होती का, ग्रुप प्रोजेक्ट होता का, बस बदलली का. तिच्या लहानपणीचं आठवून लिहा, बालवाडीत कशी होती, कपड्यांचे टॅग कापावे लागायचे का, भांडीकुंडी खेळताना खरंच कल्पनेने खेळायची की फक्त मांडून ठेवायची, कारण निदानासाठी लहानपणाचा पुरावा लागतो आणि तो तुमच्याकडेच आहे. मग किशोरवयीन मुलींचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडे जा, फोन करून आधी तसं विचारा, विचारण्यात काही गैर नाही. अँक्झायटी, डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष न टिकणं, फार चंचल असणं) हेही तपासायला सांगा, ही ऑटिझमसारखी भासतात किंवा ऑटिझमसोबतच असतात. तिला सोबत बसवून तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत सांगू द्या, मध्ये मध्ये दुरुस्त करू नका. आणि तोपर्यंत शाळेतून आल्यावर पहिला तासभर तिला एकही प्रश्न नको, "काय झालं, कसा गेला दिवस" काही नको. स्वतःला इजा करण्याचं किंवा जगणं नकोसं झाल्याचं ती बोलली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मुलाचं ऑटिझमचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं, आता नववीत आहे. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढावं का यावर घरात रोज वाद. बायको म्हणते शिक्का बसेल. (एक वडील, सांगली)

उत्तर : वहिनींची काळजी मला कळते, आणि सर्टिफिकेट काढलं म्हणून ते नातेवाइकांना, सोसायटीत दाखवायची कुणावर सक्ती नाही. ते तुमच्या फाइलमध्ये राहतं आणि जिथे हक्क मागायचा तिथेच काढायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, पुढे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातही ऑटिझम धरलेला आहे.

मोजमाप होतं ते आयएसएए नावाच्या भारतीय मापनपट्टीवर, सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने ती बनवली. ४० विधानं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीतकमी बेरीज ४०. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. यातले बरेच गुण पालकांच्या उत्तरांवर ठरतात आणि इथे आपली माणसं गडबडतात, तज्ज्ञांसमोर मुलाची बाजू सावरून घेतात, "तसं नाही हो, करतो तो". तुम्ही आठवण करून दिल्यावर करतो की आपणहून, घरीच करतो की दुकानातही, हे जसंच्या तसं सांगा. वाढवूनही नको आणि झाकूनही नको. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा आणि तपासणीला जिल्हा रुग्णालयात जायचं, शाळेची निरीक्षणं सोबत लेखी न्या.

दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो, पण तो अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे आधीच जावा लागतो, म्हणून नववीतच कागद करून ठेवा, फेब्रुवारीत पळापळ केलेले पालक फार हाल काढतात. सराव परीक्षेपासूनच जादा वेळ द्यायला शाळेला सांगा म्हणजे तो वेळ वापरायचा कसा हेही त्याला जमेल. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. हे सगळं वहिनींना सांगा, आणि मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा आहे तर त्यालाही विचारा, वाद तुम्हा दोघांत चाललाय पण कागद त्याचा आहे.

प्रश्न : स्टेम सेलने (मूळ पेशी टोचून) ऑटिझम पूर्ण बरा होतो असं सांगतात, काही लाख खर्च आहे. गहू-दूध बंद करा असंही सांगितलंय. करू का? (कोल्हापूर)

उत्तर : स्टेम सेल नको, कर्ज काढून तर अजिबात नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच ऑटिझमसाठी याची शिफारस नाही असं स्पष्ट केलंय. शरीरातले धातू काढतो म्हणून चिलेशन नावाचा प्रकार करतात त्यात तर मुलं दगावलेली आहेत. ऑटिझमची मूळ लक्षणं घालवणारं औषध आज जगात कुठेच नाही, झोप, फिट, खूप चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी डॉक्टर औषधं देतात, ती वेगळी गोष्ट आणि ती लागली तर घ्यावीत. गहू-दूध बंद करण्याचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही आणि ही मुलं आधीच चारच पदार्थ खात असतात, त्यातली पोळी नि दूध काढलं तर उरतं काय? ज्वारीची भाकरी आवडत असेल तर खुशाल द्या, पण उपचार म्हणून नको. तेच पैसे स्पीच आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं जमायला शिकवणाऱ्या) थेरपीला, आणि तुम्ही स्वतः पालक-प्रशिक्षण घ्यायला वापरा.

प्रश्न : नातू चार वर्षांचा, पुण्यात निदान झालं. नातेवाईक म्हणतात सून नोकरी करते म्हणून झालं, कुणी म्हणतं लशीमुळे. शिवाय तो घरात मराठी सोडून यूट्यूबवरचं इंग्रजी बोलतो, शाळेने सांगितलं घरात फक्त इंग्रजीच बोला. आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही, मग आम्ही त्याच्याशी बोलायचंच नाही का? (आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. आधी सुनेचं. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं एके काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत, त्यापायी कितीतरी आया वर्षानुवर्षं जळत राहिल्या. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, याचं मूळ शरीरात आहे असं ठामपणे मांडलं आणि १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, साध्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नव्हता. तेव्हापासून हे स्पष्ट होत गेलंय की यात जनुकांचा वाटा मोठा आहे. नोकरीचा संबंध नाही. लशीचं खूळ १९९८ च्या एका शोधनिबंधातून आलं, तो निबंध छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकानेच २०१० मध्ये मागे घेतला, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या त्यातही गोवरच्या लशीचा संबंध निघाला नाही. लक्षणं लक्षात येण्याचं वय आणि लशीचं वय एकच पडतं म्हणून लोक जोडतात. नातवाचे उरलेले डोस चुकवू नका, आणि हे सगळं नातेवाइकांना सुनेने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा, घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ते पटतं.

आता भाषा. मराठी घरातलं मूल यूट्यूबमुळे इंग्रजीत बोलतं हे बऱ्याच स्वमग्न मुलांत दिसतं, कारण व्हिडिओ दरवेळी तेच वाक्य त्याच सुरात म्हणतो, माणसं तसं म्हणत नाहीत. त्यावरून घराने भाषा बदलायची गरज नाही. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडत नाही असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलंय. आणि मोडक्या इंग्रजीत तुम्ही त्याच्याशी किती बोलणार, दिवसाकाठी पाच वाक्यं? मराठीत तुमच्या दोघांकडे गाणी आहेत, "ये रे ये रे पावसा" आहे, "इथे इथे बस रे मोरा" आहे, ज्यात हात, नजर, तेच ते शब्द आणि शेवटी ठरलेली गुदगुली असं सगळं असतं आणि या मुलांना नेमकं तेच आवडतं. रोज ठरलेल्या वेळी म्हणा, गुदगुलीच्या आधी थांबा आणि तो काय करतो बघा. तुमच्याकडे बघतो का, हात पुढे करतो का, एखादा शब्द म्हणतो का. जे दिसेल ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी स्पीच थेरपिस्टकडे जाताना सुनेच्या हाती द्या, शाळेच्या भाषेबद्दलच्या सल्ल्यावरही त्यांच्याकडूनच चार ओळी लिहून घ्या म्हणजे शाळेशी तुम्हाला वाद घालत बसावं लागणार नाही.